दहा बोटांची यादी

मावशी भांडी घासायला आल्या तेव्हा त्यांच्या हातांना लिंबाचा वास येत होता. लोणचं घातलंत का, असं मी सहज विचारलं. त्यांनी पदर खोचला, पिढं ओढलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "लोणचं कुठलं ताई. रेशनवाल्यानं सांगितलं, लिंबू चोळून या, मग अंगठा लागंल. चोळलं. तरी लागना."

आमच्या गल्लीत त्यांना सगळेच मावशी म्हणतात; खरं तर त्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान आहेत. माहेर सिल्लोडकडचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लग्न होऊन दुसऱ्या वस्तीत गेली, आणि मावशी आमच्या पुंडलिकनगरातल्या पाच घरची भांडी करून एकट्या राहतात. माझ्याकडं येऊन त्यांना अकरा वर्षं होत आली होती. कधी उसनं मागितलं नाही, कधी रडगाणं गायलं नाही. त्यामुळं सलग तिसऱ्या महिन्यात दुकानातून रिकाम्या पिशवीनं परत आल्यात, हे मला त्या लिंबाच्या वासामुळं कळलं.

तेव्हा केवायसीची गडबड सुरू होती. कार्डावर ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकानं दुकानात जाऊन मशीनवर अंगठा द्यायचा. नाही दिला तर नाव बंद, असं सगळीकडं बोललं जात होतं. मावशींचा अंगठा मशीन घेत नव्हतं. ना केवायसी, ना धान्य.

"हात दाखवा बरं," मी म्हणाले.

ही माझी जुनी सवय. सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. तीस वर्षांहून जास्त काळ समोर येणाऱ्या माणसाचं मी आधी बोट बघितलं, मग तोंड. रक्ताचा थेंब कुठल्या बोटातून सहज येईल, हे बघता बघता माणूस काय काम करतो हेही कळायला लागतं. शिंप्याचं बोट वेगळं, कापूस वेचणारीचं वेगळं. पण निवृत्त झाल्यावर घरातल्या माणसाचे हात बघायचे राहूनच गेले होते.

मावशींनी ओले हात पुढं केले. मी ते खिडकीपाशी उजेडात धरले. उजव्या अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. कातडी पांढुरकी, चकचकीत, जुन्या पाटीसारखी पुसून गेलेली. तर्जनीवर बारीक भेगा होत्या आणि भेगांत पावडर बसली होती. ती पावडर मोरीजवळच्या डब्यातली. मी स्वतः दुकानातून आणते, मुद्दाम कडक आणते, कारण तिनं कढई लख्ख निघते.

 दुसऱ्या दिवशी मी सौम्य साबण आणला, रबरी हातमोजेही आणले. हातमोजे मावशींनी एक दिवस घातले. एक कप फुटला. "ताई, ह्यानं हाताला भांडं कळनाच," म्हणाल्या आणि काढून खुंटीला अडकवले.

त्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर रेशनच्या दुकानात गेले. रांग बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. आमच्या पुढच्या तीन बायकांपैकी एकीचा अंगठा दोनदा टेकूनही लागला नाही. मागून आवाज आला, "ओ बाई, सरका की, आम्हाला कामावर जायचंय." ती बाई पिशवी घडी करून निघून गेली. मावशींचंही तसंच झालं. मशीनवर लाल अक्षरं आली, पुन्हा आली, आणि दुकानदार म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू."

मी दुकानदाराला बाजूला बोलावलं. मला वाटलं होतं, माणूस गुर्मीत बोलेल. तो उलट कंटाळलेला दिसला. "मॅडम, मी काय करू? मशीन नाही म्हणालं की माझ्या हातात काय राहतं? शिव्या मलाच बसतात."

"असे किती जण परत जातात?"

"लई जातात."

"कोण कोण?"

त्यानं खांदे उडवले. "नावं कुठं लक्षात राहतात?"

"मशीनमध्ये दिसत नाही?"

"मशीनमध्ये कसं दिसंल? ज्यानं उचललं त्याची पावती निघते. जो परत गेला त्याचं काय निघणार?"

घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या लॅबमध्ये एखाद्याचा नमुना खराब झाला तरी रजिस्टरला तशी नोंद व्हायची, माणसाला परत बोलावलं जायचं. इथं मात्र घेऊन गेलेल्यांचा सगळा हिशोब होता आणि रिकाम्या हातानं गेलेल्यांचा एक कागदही नव्हता. मी कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या. नाव, वय, कार्डाचा नंबर, अंगठा लागतो का, धान्य कधीपासून नाही. एक रकाना जास्तीचा झाला, म्हणून त्यावर लिहिलं, काम काय.

मावशी राहतात ती वस्ती आमच्या कॉलनीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. त्यांची कामं तीन वाजता आटपायची. मग आम्ही दोघी निघायचो. मला वाटलं होतं, आपण मदतीला चाललोय तर लोक आनंदानं सांगतील. पहिल्याच गल्लीत दारं लागली.

"नाव कशाला पायजे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "मागं असंच कुणीतरी लिहून नेलं, आन माझ्या सुनेचं नाव कार्डावरून गेलं."

मी समजावून सांगायला लागले, तर मावशींनी माझा हात दाबला. त्या उंबऱ्यावरच बसल्या, स्वतःचा अंगठा वर केला आणि म्हणाल्या, "मामा, हे बघा. माझाबी लागना. पयलं नाव माझं लिवलंय वहीत. माझं गेलं तर तुमच्याआधी माझं जाईल." म्हाताऱ्यानं वही मागून घेतली, पहिलं नाव बघितलं आणि सुनेला हाक मारली. त्यानंतर प्रत्येक दारात मावशी आधी अंगठा दाखवायच्या आणि मग मी पेन काढायची.

एका घरात एक मुस्लिम बाई दारात बसून लसूण सोलत होत्या. हॉटेलवाले पोती आणून टाकायचे, त्या संध्याकाळपर्यंत सोलून द्यायच्या. "आपा, लिखने से क्या होता?" त्या हसून म्हणाल्या. "उंगली तो जल गई ना." खरंच जळली होती. लसणाच्या रसानं उजवा अंगठा आणि तर्जनी लालभडक, साल निघालेली. चार महिन्यांपासून त्यांनी दुकानात जाणंच सोडलं होतं. सगळ्यांसमोर परत फिरायची लाज वाटते, म्हणाल्या.

त्यांच्याच ओळीत वाळूजला कामाला जाणारा एक माणूस राहायचा. एका छोट्या कारखान्यात लोखंडाच्या सुट्या भागांच्या कडा घासून गुळगुळीत करायचं काम. भेटला तो पहिल्या पाळीहून आल्यावर, अजून निळ्या शर्टातच. बोटं अशी की जणू त्यानं लोखंडाबरोबर स्वतःलाही घासलं होतं. "कंपनीत तोंड बघून हजेरी घेतात," तो म्हणाला. "तिथं मी हाय. रेशनच्या दुकानात मात्र मी नाय."

आठ-दहा दिवसांत वहीची बरीच पानं भरली. आणि जो रकाना मी नुसताच भरीला घातला होता, तोच बोलायला लागला. भांडी. धुणं. लसूण. वीटकाम. लोखंड घासणं. पुन्हा भांडी. पुन्हा भांडी. दिवसभर दुसऱ्यांसाठी हात झिजवायचे आणि मग मशीननं विचारायचं, तुझा ठसा कुठाय? मी त्या पानाकडं बघत बसले. मला माझ्या मोरीजवळचा तो डबा आठवत राहिला.

लसूणवाल्या बाईंकडं दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या चहाचा कप देत होत्या. कप डाव्या हातात होता आणि त्या हाताचं शेवटून दुसरं बोट, अनामिका, कपाबाहेर आलेलं. मऊ, कोवळं, रेघा स्पष्ट. मी चहा तसाच खाली ठेवला. आम्ही लॅबमध्ये सुई सहसा त्याच बोटाला टोचायचो! डावी अनामिका. कारण ते बोट सगळ्यात कमी राबतं. तीस वर्षं मी तेच बोट धरत आले आणि इतके दिवस अंगठ्यांची यादी करत हिंडत होते.

मी तशीच दुकानात गेले. "मशीनला अंगठाच लागतो का?"

"नाही, कुठलंही बोट चालतं की. आधारला दहाही दिलेली असतात."

"मग बाकीची का घेत नाही?"

 "मॅडम, रांग बघितली ना तुम्ही? एकेकाची दहा-दहा बोटं लावत बसलो तर मागचे मला मारतील."

"आणि रांग नसेल तर?"

 मी वही उघडून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पानं उलटली. काही नावांवर त्याचं बोट थांबायचं. "ही बाई यायची बंद झाली, मला वाटलं गावाकडं गेली." पुढं एका नावावर, "अरे, हा पण?" शेवटी वही मिटून म्हणाला, "रविवारी दुपारी दुकान बंद असतं. मशीन घेऊन येतो. पण दोन तासच हं."

वस्तीतल्या बुद्धविहाराची खोली मावशींनी मागून घेतली. रविवारी त्यांनी सकाळीच फरशी पुसली, सतरंजी घातली, दाराशी साध्या पाण्याची बादली आणि टॉवेल ठेवला. माझी सूचना एवढीच होती की आदल्या दिवशी कुणी लिंबू, घासलेट, काही चोळू नका. खोबरेल लावून झोपा. दुकानदार आला, मशीन टेबलावर ठेवलं, सिग्नल मिळेना म्हणून टेबल खिडकीशी ओढलं. पहिलं नाव मावशींचं.

उजवा अंगठा, लाल. तर्जनी, लाल. मधलं बोट, लाल. मावशींचे ओठ घट्ट मिटले होते. डाव्या हाताची अनामिका मी स्वतः टॉवेलनं टिपली आणि काचेवर हलकेच दाबली. मशीन जरा थांबलं आणि हिरवं झालं. मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," दुकानदार म्हणाला, "केवायसी झाली तुमची." मी एका जाड कागदाच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, डावा हात, शेवटून दुसरं बोट. वहीतही नवा रकाना आखला.

मग खोलीत एक वेगळीच मजा सुरू झाली. कुणाचं कुठलं बोट निघतंय, बायका अंदाज करायला लागल्या. एका आजीची करंगळी लागली तेव्हा त्या हात वर करून म्हणाल्या, "जल्मात पयल्यांदा कामाला आली गं ही!" लसूणवाल्या बाईंची अनामिका पहिल्याच फटक्यात लागली. त्यांनी ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं आणि तसंच धरून घरी गेल्या. दोन तासांचे साडेतीन झाले. दुकानदार उठला नाही.

वाळूजच्या माणसाची मात्र दहाही बोटं लाल गेली. तसे आणखी काही निघाले. दुकानदार म्हणाला, पुरवठा कार्यालयात डोळ्यांवरून ओळख पटवणारं मशीन आहे, नावं आणि कारण लिहून दिलं तर कदाचित तिथं होईल. म्हणून त्या संध्याकाळी मी आमच्या घरी उरलेल्यांची वेगळी यादी उतरवत बसले. मावशी शेजारी. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर अक्षर जुळवून वाचतात. जुनी वही त्यांच्या मांडीवर होती. वाचता वाचता त्या थांबल्या.

"ताई, हे ठीक नाय."

"काय ठीक नाही?"

"तुम्ही इथं लिवलंय ना, ठीक. ते ठीक नाय."

त्यांनी दाखवलेली ओळ मला आठवली. वस्तीच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला एक म्हातारे बाबा एकटे राहतात. आम्ही गेलो तेव्हा ते खाटेवर बसले होते. मी म्हणाले, बाबा, हात दाखवता का? ते म्हणाले, "आमचं सगळं ठीक हाय. मिळतंय धान्य." आणि मी पुढच्या घराकडं वळले.

"मग मिळत नाही त्यांना?"

"न्हाय. लई दिवसांपासून न्हाय. मी अन् शेजारची, आलटून पालटून भाकर देतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

मावशींनी वही मिटली. "त्यांनी ठीक म्हनल्यावर त्यांच्या तोंडावर मी कसं खोटं पाडू?"

तेव्हा मला ती दुपार पुन्हा दिसली. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्र्याखाली बसवत नव्हतं आणि त्या बाबांनी दोन्ही हात चादरीखाली घेतलेले होते. ती चादर मी बघितली होती. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी किती लोकांच्या कानाच्या पाळीचे नमुने मी घेतलेत, त्याची मोजदाद नाही. त्यातले कितीतरी असेच हात लपवून समोर बसायचे. आणि मी म्हणाले, हात दाखवा. सगळ्या वस्तीदेखत, दारात उभी राहून, हातात वही घेऊन. माझ्या वहीत ज्याच्यापुढं "ठीक" लिहिलं होतं, तोच माणूस सगळ्यांत उपाशी होता.

दुसऱ्या दिवशी मी वही न घेता गेले. मावशी मला दारापर्यंत सोडून शेजारणीकडं बसल्या. मी खाटेजवळ जमिनीवर बसले. दवाखान्यात मी काय काम करायचे ते सांगितलं, नमुने घ्यायचे तेही सांगितलं.  मग बाबांनीच चादर बाजूला केली. आजार कधीच बरा झाला होता. बोटं मात्र आखडून गेलेली, काहींची टोकंच उरली नव्हती.

"पयलं दुकानदार वळखीचा व्हता, वहीवर द्यायचा," ते म्हणाले. "मशीन आलं तवापासून गेलोच न्हाय. तिथं सगळ्यांम्होरं हात टेकवायचे. कशापायी?"

"बाबा, तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाच्या बोटावर धान्य मिळू शकतं. तशी सोय आहे. मी अर्ज लिहू का?"

"लिवा." मग थोडं थांबून म्हणाले, "पर आजाराचं नाव लिवू नका."

मी शब्द दिला.

पुरवठा कार्यालयात मला तीन चकरा माराव्या लागल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा मशीन बंद होतं. तिसऱ्यांदा तिथल्या बाईंनी यादी नीट वाचली. काम काय, हा रकाना त्यांनी दोनदा वाचला. "अशी यादी आमच्याकडं कुणी आणून दिली नव्हती," त्या म्हणाल्या. दोन आठवड्यांनी डोळ्यांचं मशीन वस्तीजवळच्या दुकानात आलं आणि वाळूजच्या माणसाचं काम पापणी लवायच्या आत झालं. सगळ्यांचं झालं असं नाही. दुसऱ्या एका आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांचं आधी ऑपरेशन, मग धान्य. एका घरचं कार्ड भलत्याच गावाला जोडलेलं निघालं, ते अजून सुटलेलं नाही.

त्या तिसऱ्या चकरेतच बाबांच्या ओळीवर कार्यालयातल्या बाईंचं पेन अडलं होतं. "यांचं कारण लिहिलेलं नाही तुम्ही."

"बोटांचे ठसे नाहीत, एवढं लिहिलंय."

"का नाहीत?"

"ते मी तुम्हाला तोंडी सांगते. कागदावर नको, असं त्यांचं म्हणणं आहे."

त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली, ऐकून घेतलं आणि तो रकाना तसाच ठेवून सही केली. बाबांचं धान्य उचलायला मावशींचं नाव लागलं.

पहिल्या महिन्याचं धान्य त्यांच्याकडं पोचवायला मीही गेले होते. बाबांनी गहू बघितले. वहीतली आपली ओळ वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली: नाव, वय, कार्डाचा नंबर, बोटांचे ठसे नाहीत. "बास? एवढंच?" त्यांनी विचारलं. एवढंच, मी म्हणाले. "ठीक" हा शब्द मी खोडून टाकला होता, तेही दाखवलं.

आता वही माझ्याकडं नसते. मावशींकडं असते. वस्तीत नवीन भाडेकरू आला, कुणाकडं सून आली की त्या स्वतः जातात, आधी आपली बोटाची चिठ्ठी दाखवतात, मग विचारतात. पण दारात उभं राहून हात दाखवा म्हणत नाहीत. आत जाऊन बसतात, पाणी मागतात. अक्षर वाकडं येतं, पण नोंद चुकत नाही.

गेल्या महिन्यात त्या हसत हसत माझ्याकडं आल्या. "ताई, बाबा लई चिडलेत."

"का? काय झालं?"

"तांदळात नुसत्या कण्या आल्यात म्हनं. मला म्हनले, दुकानदाराला माझं नाव घेऊन सांग, असला तांदूळ पुन्हा दिला तर मी सोता येईन तिथं भांडायला."